अवधूताची शाळा आणि माझी पाटी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा आली. देवळात सप्ताहाची तयारी सुरू झाली, वीणा उभी राहिली, पारायणाला बसणाऱ्यांची यादी लागली. दरवर्षी या दिवसांत पारावर एक वाक्य हमखास कानावर येते. कोणी म्हणतो, "पोथीतलं सगळं कळत नाही हो, पण आता या वयात काय शिकायचं?" दुसरा म्हणतो, "गेलं ते आपलं वय. आता नातवंडांनी शिकावं." आणि मग दोघेही हात जोडून देवळात शिरतात, आणि समोर कोण उभा असतो? तर ज्याने मोठेपणी चोवीस गुरू केले तो! मला दरवेळी हसू येते, आणि थोडी लाजही वाटते. कारण हे वाक्य मीही म्हटले आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे, एका माणसाला ते म्हणायला मी भाग पाडले आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. प्रवचन म्हणा, कबुली म्हणा, चालेल.

आधी मूळ कथा आठवू. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात, यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद येतो. श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. भागवतात त्या अवधूताचे नाव दिलेले नाही. पण आपली परंपरा तो अवधूत म्हणजे दत्तात्रेयच असे मानते. नाथमहाराजांनी याच अकराव्या स्कंधावर प्राकृतात टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये काशीत ती पूर्ण केली. हे नाथ कोणाचे शिष्य? देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे, म्हणजे दत्तभक्ताचे. ज्याला संस्कृत शिकायला मिळाले नाही अशा प्रौढ माणसाच्या हाती भागवत यावे, म्हणून हा खटाटोप. तेव्हा मोठ्या माणसांचे शिक्षण हा विषय दत्तसंप्रदायाला नवा नाही.

यदूने अवधूताला पाहिले. हा ना घरदार करतो, ना काही मिळवतो, तरी याच्या तोंडावर एवढे समाधान कुठून आले? राजा खाली वाकला आणि त्याने विचारले, तुला ही बुद्धी कोणी दिली? अवधूत म्हणाला, मला गुरू पुष्कळ आहेत. आणि मग त्याने मोजायला सुरुवात केली. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला, टिटवी, बालक, कुमारी, बाण करणारा कारागीर, सर्प, कोळी आणि कुंभारमाशी.

आता बघा, या चोविसांत एकही शाळामास्तर नाही! मी आयुष्यभर प्राथमिक शिक्षक होतो, म्हणून मला ते जरा झोंबले. आणखी एक गंमत. या चोविसांपैकी एकालाही ठाऊक नाही की आपण कोणाचे गुरू झालो. मधमाशीने अवधूताला शिष्य केले नाही. अवधूताने तिला गुरू केले. सगळे शिष्याच्या करण्यावर आहे. ही गोष्ट मनात ठेवा, आपण पुन्हा तिच्याकडे येऊ.

आता माझी गोष्ट.

१९७८ साली, गांधीजयंतीच्या दिवशी, देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नवीन नोकरी, कृष्णाकाठचे गाव. रात्री शाळेच्या एका खोलीत कंदील लावून वर्ग घ्यायचा असे ठरले. पंधरा ते पस्तीस वयाची माणसे यावीत अशी अपेक्षा होती, पण गावात वय कोण मोजतो? आमच्या वर्गात पन्नाशीचे एक गृहस्थ येऊ लागले. ते गुळव्या होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

आपल्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना गुळव्या म्हणजे काय हे सांगायला नको. चुलवाणात चिपाडे धडधडत असतात, वर काहिलीत रस उकळत असतो, मळी वर येत असते, आणि गुळव्या नुसता बघत उभा असतो. बुडबुड्यांचा रंग आणि चाल बघून तो सांगतो, "आता नगं… आता थांबा…" पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, दोन बोटांत गोळी वळतो, आणि ऐन वेळी म्हणतो, "उतरा!" दोन मिनिटे इकडे तिकडे झाली तर आख्खी काहील बिघडली. अख्ख्या गावाच्या उसाची वर्षाची कमाई या माणसाच्या दोन बोटांत.

ते आबा दिवसभर काहिलीजवळ उभे राहून रात्री माझ्या वर्गात यायचे. मी विचारले नाही, तरी त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "गुरुजी, मला अडत्याची पट्टी वाचाय शिकवा. ढेपा किती, वजन किती, कापलं किती, एवढं कळलं म्हंजे बास." त्यांची स्वतःची थोडी जमीन होती. त्या गुळाच्या हिशेबाची पट्टी यायची आणि त्यावर ते अंगठा उठवायचे.

आणि मी काय शिकवले? कमळाचा क, बदकाचा ब. पुस्तकात जे होते ते, ज्या क्रमाने होते त्या क्रमाने. पट्टीचे नावसुद्धा काढले नाही. वाटले, आधी मुळाक्षरे तर येऊ देत, मग बघू पट्टीचे.

आबांचा हात काहिलीच्या वाफेने आणि कामाने राठ झालेला. पाटीवरची पेन्सिल त्या बोटांत टिकत नव्हती. एके रात्री त्यांनी 'ग' काढला तो उलटा. काना अलीकडे, पोट पलीकडे. मी ती पाटी उचलून वर धरली, सगळ्यांना दाखवली, आणि म्हणालो, "आबा, पहिलीतली पोरं याच्यापेक्षा बरा काढतात की!"

वर्ग हसला. आबाही हसले. त्यांनी पाटी घेतली, धोतराच्या सोग्याने हळूच पुसली, भिंतीशी ठेवली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. आठवड्याने रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आता या वयात काय शिकायचं, गुरुजी? ऱ्हाऊ द्या." मी "बरं" म्हणालो. हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे रेघ मारली आणि विसरून गेलो.

मायबापहो, ते वाक्य त्यांचे नव्हते. ते मी त्यांच्या तोंडात घातले होते.

पुढे चाळीस वर्षे गेली. मी निवृत्त झालो. सूनबाई शिक्षिका, तिने एम.एड.चा अभ्यास सुरू केला. रात्री जेवणे झाली की ती मोठ्याने वाचत बसायची, आणि मी अंगतपंगत ऐकल्यासारखा ऐकत बसायचो. त्यात एक धडा होता, प्रौढांच्या शिक्षणाचा. 'अँड्रागॉजी' असा एक शब्द आला. मी म्हटले, हे काय नवीन? ती म्हणाली, "बाबा, नवीन नाही. १८३३ साली एका जर्मन शिक्षकाने हा शब्द वापरलाय. पण जगभर गाजवला तो अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी, १९७० च्या सुमारास."

या नोल्स महाशयांचे म्हणणे साधे होते. मूल आणि मोठा माणूस एकाच रीतीने शिकत नाहीत. मोठ्या माणसाला आधी कळावे लागते की हे कशासाठी शिकायचे. तो स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा असतो, त्याला दुसऱ्याच्या धाकात बसवले की तो आतून उठून जातो. तो रिकाम्या हाताने येत नाही, अनुभवाचे गाठोडे घेऊन येतो. आयुष्यात एखादी गरज उभी राहते तेव्हा तो शिकायला तयार होतो. त्याला विषय नको असतो, अडचणीचा उलगडा हवा असतो. आणि त्याला शिकायला लावणारी खरी ओढ बाहेरच्या बक्षिसापेक्षा आत असते.

सूनबाई वाचत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे कंदील, पाटी आणि उलटा 'ग'. कशासाठी शिकायचे हे आबांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते. कारभारी माणूस होते. दोन बोटांत गुळाचे शास्त्र होते. गरज होती, अडचण होती, आतली ओढ होती. सहाच्या सहा गोष्टी त्या माणसाने वर्गात आणल्या होत्या. नव्हती ती फक्त मास्तराच्या डोक्यात!

मी सूनबाईला विचारले, "हे नोल्स कधी चुकले का?" ती हसून म्हणाली, "चुकले ना. आधी ते म्हणायचे, मुलांची पद्धत वेगळी आणि मोठ्यांची वेगळी. मग शिक्षकांनी सांगितलं की या गोष्टी मुलांनाही लागू पडतात. तेव्हा १९८० च्या आवृत्तीत त्यांनी पुस्तकाचं उपशीर्षकच बदललं. आधी दोन्ही पद्धती एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या, नंतर एकीकडून दुसरीकडे जाणारी वाट झाली." मला हे ऐकून बरे वाटले. मोठ्यांच्या शिक्षणावर लिहिणारा माणूस स्वतः मोठेपणी शिकला आणि छापून मोकळा झाला. मी मात्र हजेरीपत्रकात रेघ मारून मोकळा झालो होतो.

त्या रात्रीपासून मी अवधूताचे आख्यान नव्याने वाचू लागलो.

कपोताची कथा घ्या. कबुतराची जोडी, पिल्लांवर जीव. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले अडकली, आई झेपावली, मागोमाग बापही गेला. हे दृश्य रानात कितीजणांनी पाहिले असेल? पुष्कळांनी. पण गुरू केला तो एकट्या अवधूताने. का? डेव्हिड कोल्ब नावाचे अभ्यासक आहेत, त्यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचे एक चक्र मांडले. आधी अनुभव, मग त्याच्याकडे थांबून पाहणे, मग त्यातून तत्त्व काढणे, मग ते तत्त्व आयुष्यात वापरून पाहणे, आणि त्यातून पुन्हा नवा अनुभव. अवधूताने हेच केले. पाहिले, थांबला, आंधळ्या आसक्तीचा शेवट ओळखला, आणि तसा जगला. आपले चक्र पहिल्याच आऱ्यावर अडकते. "मी साठ पावसाळे पाहिलेत" असे आपण म्हणतो. पाहिले असतील हो, पण थांबून किती पाहिले? अनुभव आला म्हणजे शहाणपण आले असे नव्हे. नुसता उकळलेला रस म्हणजे गूळ नव्हे. ऐन वेळी काहील उतरावी लागते.

पिंगलेची कथा घ्या. विदेहनगरीतली ती वेश्या, दारात गिऱ्हाइकाची वाट बघत मध्यरात्र झाली. आत जाते, बाहेर येते. कोणी आले नाही. आणि त्या निराशेतच तिला दिसले की आपण आयुष्यभर चुकीच्या दाराकडे बघत होतो. त्या रात्री ती शांत झोपली. जॅक मेझिरो या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ मध्ये, खंड पडल्यावर पुन्हा शिकायला महाविद्यालयात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांचे सांगणे असे की मोठा माणूस खोलवर बदलतो तेव्हा सुरुवात बहुधा एखाद्या धक्क्याने होते. जुने हिशेब लागेनासे होतात, आणि मग तो स्वतःची गृहीतकेच तपासू लागतो. बघा, १९७८. त्याच साली मी आबांची पाटी वर धरली होती.

धक्क्याशिवाय मोठा माणूस बदलत नाही म्हणतात ना, तसा माझाही धक्का ठरलेला होता. निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी हिला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणे अडखळत, पण समजत होते. सूनबाईची शाळा, मुलगा परगावी कामाला. दुपारी घरात आम्ही दोघेच. आणि मला, मायबापहो, चहासुद्धा धड करता येत नव्हता. जन्मभर ताट समोर आले, जेवलो, उठलो.

ही चौथी शिकलेली. मी पदवीधर. माझ्या घरात शिकवणारा कोण हे कायमचे ठरलेले होते. एका रविवारी ही म्हणाली, "अहो, मला भाकरी खावीशी वाटते. तुम्ही करा." तिची कॉट स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली होती. सूनबाई पुढे झाली, "आई, मी करते ना." हिने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू जरा देवळात जाऊन ये गं."

सूनबाई गेली. मग ही मला सांगू लागली. "पीठ जुनं आहे, विरी गेली असेल, पाणी कढत घ्या. अंदाज मला विचारू नका, हाताला विचारा." पहिली भाकरी थापतानाच चिरली. दुसरी परातीलाच चिकटली. तिसरी तव्यावर टाकताना दुमडली. ही काही बोलली नाही. हसली नाही. एवढेच म्हणाली, "वरून पाणी फिरवायचं राहिलं." चौथी गोल नव्हती, पण फुगली. पापुद्रा सुटला. हिने त्यातला तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कशाला हवं, गोड आहे."

सूनबाई देवळातून आली तेव्हा मी परात घासत होतो. आधीच्या तीन भाकरी गाईच्या टोपलीत गेल्या होत्या. हिने त्यांचा विषयही काढला नाही. रात्री सूनबाई मला हळूच म्हणाली, "बाबा, आईंनी मला बाहेर का पाठवलं, कळलं का? आमच्या पुस्तकात आहे ते. मोठ्या माणसाला शिकायला आधी आदराचं वातावरण लागतं, चुकायला आडोसा लागतो."

मी अंगणात जाऊन बसलो. मला कुमारी आठवली.

ती कथा तुम्हाला माहीत आहे. घरात मुलीला पाहायला पाहुणे आले आहेत, वडीलधारे बाहेर गेले आहेत. मुलगी आत साळी कांडू लागली तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. पाहुण्यांना कळेल की घरात कांडायचे काम हीच करते, घरची गरिबी उघडी पडेल. म्हणून तिने एकेक बांगडी उतरवली. दोन राहिल्या तरी वाजल्या. मग एकेकच ठेवली आणि मुकाट्याने काम केले. अवधूताने यातून एकांत घेतला. अनेक जमले की कलह, दोघे असले की गप्पा, म्हणून एकटे राहावे. त्याने घेतला तो अर्थ संन्याशाचा. पण मी संसारी माणूस, मला त्या दिवशी त्याच कथेत आणखी एक गोष्ट दिसली. शिकणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातातही बांगड्या असतात. आपले अडाणीपण बाहेर ऐकू जाईल ही त्याची भीती असते. खरा गुरू त्या बांगड्या वाजू देत नाही. हिने सूनबाईला देवळात धाडून माझ्या बांगड्या उतरवून ठेवल्या. आणि मी? मी आबांच्या बांगड्या भर वर्गात खळखळ वाजवल्या होत्या.

पुढच्या हंगामात, गुऱ्हाळे लागल्यावर, मी त्या गावी गेलो. आबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. त्यांचा नातू काहिलीवर उभा होता. मी ओळख दिली. तो लगबगीने खाली आला, पाया पडला, रसाचा पेला दिला. मी म्हणालो, "बाळ, तुझ्या आजोबांना मी नीट शिकवलं नाही. वर्गात हसलो होतो मी त्यांना." पोरगा बघतच राहिला. म्हणाला, "न्हाई गुरुजी. आजा तर म्हणायचा, मास्तर लई चांगला हुता, मलाच येळ न्हवता. पट्टी आली की माझ्याकडनं वाचून घ्यायचा, आन् म्हणायचा, मास्तरांकडं गेलो असतो तर तुझी गरज न्हवती."

काहिलीची वाफ डोळ्यांत गेली म्हणून मी डोळे पुसले, असे त्या पोराला वाटले असेल.

ज्या माणसाची लाज मी चारचौघांत काढली, त्याने माझी लाज आयुष्यभर घरात झाकून ठेवली. निरक्षर कोण होता आमच्यात? मी त्या चुलवाणाजवळच बसून राहिलो. नातू पाक बघत होता. मी विचारले, "कसं कळतं रे उतरायची वेळ?" तो म्हणाला, "सांगून न्हाई कळायचं, गुरुजी. हितं उभं ऱ्हावा." मी उभा राहिलो. चार काहिली उतरल्या, मला एकदाही नीट ओळखता आले नाही. तो हसला नाही. घराण्याचीच रीत असावी ती.

आता दोन गोष्टी सांगून थांबतो.

पहिली. नोल्स, कोल्ब, मेझिरो यांची नावे मी घेतली आणि भागवताशी जोडली, म्हणून कोणी असे म्हणू नये की बघा, आपल्याकडे हे सगळे आधीच होते! असे म्हणताना आपली छाती फुगते, आणि फुगलेल्या छातीवरून पुढचा गुरू दिसत नाही. त्या विद्वानांनी वर्गात बसलेल्या माणसांचे निरीक्षण करून लिहिले; अवधूताने मुक्तीच्या वाटेवर चालून सांगितले. दोन्हींचा मुक्काम वेगळा आहे. तिथे शिकून माणूस आपल्या आयुष्याचा धनी होतो, इथे शिकून माणूस मी धनी आहे हा अहंकारच उतरवून ठेवतो. पण पहिली पायरी एक आहे, की मला अजून शिकायचे आहे असे म्हणणे. यदुराजा राजा असून वाकला, तेव्हाच अवधूत बोलला. आणि अवधूताने चोवीस सांगून झाल्यावर आपल्या देहालाही गुरू म्हटले आहे, हे विसरू नका. आपले दुखणारे गुडघे, कमी ऐकणारे कान, हिचा न हलणारा हात, हेही शिकवतच असतात.

दुसरी गोष्ट कामाची. गेली काही वर्षे दर गुरुवारी दुपारी चार वाजता देवळाच्या ओवरीत आम्ही काही जण बसतो. वर्ग म्हणत नाही, फळा नाही, हजेरी नाही. येणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो, "तुम्हाला काय वाचायचंय?" ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी नावाचे शिक्षक होऊन गेले. १९६३ मध्ये अंगिकोस या गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे तीनशे प्रौढांना चाळीस तासांत लिहावाचायला शिकवले गेले. ते पुस्तकातल्या कमळा-बदकापासून सुरुवात करत नसत. लोकांच्याच तोंडचे शब्द घेत. त्यातला एक प्रसिद्ध शब्द होता 'वीट'. आपल्याला तर वीट म्हटले की पांडुरंगच आठवतो!

आमच्या ओवरीत एक आजी आल्या. म्हणाल्या, "मला एस.टी.ची पाटी वाचायचीय. दर पौर्णिमेला वाडीला जाते, दर वेळी पोराटोरांना विचारावं लागतं." म्हणून त्यांचा पहिला धडा 'नृसिंहवाडी'. आता कुठला मास्तर पहिल्या दिवशी 'नृ' शिकवेल? पुस्तकात तो अगदी शेवटी येतो. पण आजींनी बघितला आणि म्हणाल्या, "हा न पायात विळा अडकवून बसलाय." झाले, अक्षर पाठ! पुढच्या पौर्णिमेला त्या कोणाला न विचारता गाडीत बसल्या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पादुकांपुढे नारळ ठेवून आल्या आणि मला प्रसादाचा पेढा देऊन म्हणाल्या, "मास्तर, पाटी मी वाचली." मी पेढा कपाळाला लावला. त्यातला अर्धा मनातल्या मनात आबांना दिला.

मोबाइल शिकवायला नववीतली एक मुलगी येते. सुरुवातीला म्हातारी माणसे संकोचायची. मी म्हटले, अवधूताने बालकाला गुरू केले, आपल्याला कसली लाज? आता पेन्शनवाले आजोबा तिला "बाई" म्हणतात. आणि ती कधी कोणाला हसली नाही, कारण पहिल्या दिवशी मी तिला एकच नियम सांगितला. इथे कोणाच्या बांगड्या वाजवायच्या नाहीत.

ही आता काठी घेऊन चालते. भाकरी अजून मीच करतो. परवा म्हणाली, "आता तुम्हाला गोल जमायला लागली." एम.एड. झालेली सून, पदवीधर नवरा, आणि परीक्षक चौथी पास!

भक्तहो, या दत्तजयंतीला पाळण्याची दोरी ओढताना एक संकल्प करू या. आपल्या घरातला, गल्लीतला एक माणूस शोधायचा, ज्याला आपण कधी गुरू मानले नाही. सून असेल, नातू असेल, दारात भाजी घेऊन येणारी बाई असेल. त्याच्याकडून एक गोष्ट शिकायची, आणि शिकल्याचे त्याला सांगायचे. अवधूताच्या गुरूंना आपण गुरू झाल्याचे कळले नाही, कारण त्यांना कानच नव्हते किंवा वेळ निघून गेली होती. आपल्या गुरूंना कान आहेत, आणि वेळ अजून आहे. मला आबांना सांगायचे राहून गेले. तुमचे राहू नये.

आणि कोणी तुमच्याकडे शिकायला आले, उलटा 'ग' काढला, तर पाटी वर धरू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि आपली पाटीही काढा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥